अर्धे घर चाकांवर, अर्धे गावात

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे एखाद्याविषयी म्हणताना मराठी माणसाच्या बोलण्यात थोडी कीव असते. घर नसणे, पत्ता नसणे, आज इथे तर उद्या तिथे असणे ही आपल्याकडे कायम अडचणच मानली गेली. आता मात्र शिकलेले, कमावते लोक असे जगणे आपणहून पत्करू पाहत आहेत. २०२० नंतर लॅपटॉपवरचे काम कुठूनही करता येऊ लागले. गोव्याच्या उत्तर टोकाला घरभाडीही त्याच काळात चढत गेली. डिसेंबर २०२२ मध्ये मोप येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर पेडणे तालुक्यातल्या जमिनीकडे साऱ्या देशाचे लक्ष वळले. हरमल, मांद्रे, मोरजी या गावांत हंगामात परवडेल अशी खोली शोधणे कठीण होऊन बसले आहे. अशा वेळी गाडीच्या मागे जोडायचा, दोन माणसे झोपतील एवढा टिअरड्रॉप ट्रेलर घ्यावा, जास्तीचे सामान देऊन टाकावे आणि कायमचे रस्त्यावर राहावे, हा विचार मनात घर करतो. कमी वस्तूंत राहण्याची ही ओढ चांगली आहे आणि तिचा आदर व्हायला हवा. पण या घराचा हिशेब नीट मांडला, तर चाकांवर येते ते अर्धेच घर असते, हे ध्यानात येते. उरलेले अर्धे कुठल्या तरी गावाला पुरवावे लागते. ते कोण पुरवणार, कुठे आणि कशाच्या बदल्यात, हे ठरले तरच असे जगणे टिकते. ते ठरवण्यासाठी पेडणे आणि डिचोली या तालुक्यांइतकी सोयीची जागा गोव्यात दुसरी नाही.

टिअरड्रॉप ट्रेलर म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. पुढे गोलसर आणि मागे निमुळता उतरणारा, बाजूने पाहिल्यास पाण्याच्या थेंबासारखा दिसणारा हा डबा १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे मुबलक झाले, आणि १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने तो घरी कसा बांधावा याचे आराखडे छापले. तेव्हापासून आजवर त्याची मांडणी फारशी बदललेली नाही. रुंदी चार-पाच फूट, लांबी आठ ते दहा फूट, आतली उंची चार फुटांच्या आसपास. आत शिरायचे ते वाकून, आणि शिरल्यावर बसायचे किंवा आडवे व्हायचे, कारण उभे राहता येत नाही. जवळजवळ सगळी जागा गादीने व्यापलेली असते. पायाकडे एक-दोन कप्पे, डोक्याशी एक दिवा, छताला वारा खेळण्यासाठी एक झडप. स्वयंपाकघर मागच्या बाजूला असते. मागचे झाकण वर उचलले की एक फळी, दोन बर्नरची शेगडी, पाण्याचा छोटा डबा आणि मसाल्याची खोबण उघडी होते. स्वयंपाक करणारा माणूस त्या झाकणाखाली, म्हणजे जमिनीवर, उघड्यावर उभा असतो. संडास-न्हाणी बहुतेक ट्रेलरांत नसतेच. हा डबा मुळात सुटीतल्या चार दिवसांसाठी बांधला गेला, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. भोवतीची मोकळी जागा आपलीच आहे, हे त्याच्या रचनेत गृहीत धरलेले आहे.

कायम राहायचे म्हटले की हेच गृहीतक अडचणीचे ठरते. पाण्याचे उदाहरण घ्या. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेले किमान प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. अशा ट्रेलरच्या टाकीत फार तर ४०-६० लिटर मावते. म्हणजे काटकसर केली नाही, तर दोन माणसांना ते एक दिवसही पुरत नाही. काटकसर जरूर करता येते, पण रोज कुणाच्या तरी नळावर किंवा विहिरीवर जावे लागणारच. पेडण्यात हा प्रश्न आधीच नाजूक आहे. तालुक्याची मोठी भिस्त चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर आणि तिळारीच्या पाण्यावर आहे, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येते याकडे डोळे लावून बसणारे वाडे तिथे आहेत. संडासाचेही तसेच. सुटसुटीत रासायनिक संडास बाजारात मिळतो, पण तो दोन-चार दिवसांनी कुठे तरी रिकामा करावाच लागतो. चिऱ्याच्या सच्छिद्र जमिनीत आणि उथळ विहिरींच्या प्रदेशात तो कुठेही ओतणे म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यात विष कालवणे. युरोपात किंवा अमेरिकेत असे ट्रेलर वापरणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी तळ असतात. तिथे नळ, वीज, संडास आणि मैला रिकामा करण्याची सोय पैसे देऊन मिळते. ती सगळी यंत्रणा वगळून फक्त डबा इथे आणला, तर त्या यंत्रणेचे काम गावाच्या अंगावर पडते आणि गावाला त्याचे काहीच मिळत नाही.

किनाऱ्यावर तर हा भार लगेच दिसतो. समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची, मागचे झाकण उघडून चहा ठेवायचा, हे चित्र पाहायला सुंदर वाटते. पण ते ज्या वाळूवर उभे असते, तिचे आधीच कुणाशी तरी नाते आहे. मोरजी आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून पुढे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. रात्रीचा उजेड, गोंगाट आणि वाळूवर फिरणारी चाके त्यांना मागे फिरवतात, आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात. रापणकारांना जाळे ओढायला आणि होड्या वर घ्यायला तीच पट्टी लागते. गोव्याने पर्यटन स्थळांच्या संरक्षणासाठी २००१ मध्ये कायदा केला. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती करून पर्यटन स्थळी उघड्यावर स्वयंपाक करणे आणि दारू पिणे दंडनीय ठरवले गेले. बाहेरून बसगाड्या भरून येणारे, रस्त्याकडेला सिलिंडर मांडून जेवण रांधणारे आणि खरकटे तिथेच टाकून जाणारे प्रवासी हे त्यामागचे कारण होते. ज्याचे सगळे स्वयंपाकघरच उघड्यावर आहे, त्या टिअरड्रॉपला हा नियम थेट लागू पडतो. मालक कितीही नेटका असला तरी कायद्याला आणि गावाला त्याच्यात आणि त्या बसमध्ये फरक करता येत नाही, आणि तो करावा अशी अपेक्षा धरणेही रास्त नाही.

दुसरी अडचण हवामानाची. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. झडीचा पाऊस आडवा येतो, म्हणून इथल्या जुन्या घरांना मृगाच्या आधी ओसरीला झड्या लावतात आणि लाकूड-फाटा मांगरात रचून ठेवतात. टिअरड्रॉपच्या आत हवा असते जेमतेम साडेचार घनमीटर. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. उन्हाळ्यात ते झडपेतून निघून जाते. पावसात झडप लावून घेतली की ते गादीत आणि प्लायवूडमध्ये मुरते, आणि थोड्याच दिवसांत गादीच्या पोटाला काळी बुरशी धरते. मे महिन्यात वेगळा प्रश्न: रात्रीचे तापमान पंचवीसच्या खाली क्वचितच उतरते आणि हवा दमट असते. लहानात लहान एसी रात्रभर चालवायला तीन-चार युनिट वीज लागते. शंभर वॉटचे सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला अर्धा युनिटही देत नाही, आणि या बाकदार छतावर तशी दोन किंवा तीनच मावतात. म्हणजे सौर विजेवर दिवा, पंखा, फोन आणि लॅपटॉप चालतील, एसी चालणार नाही. साठवणीचेही तसेच आहे. गोव्यात पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची खरेदी होते: सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोले, चार महिन्यांची बेगमी. एका खोबणीच्या स्वयंपाकघरात ती बसत नाही. कोरड्या दिवसांत म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि डिचोलीचा बुधवारचा बाजार धरून आठवड्याआठवड्याने भागवता येते. पावसाळ्याची गोष्ट निराळी.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या पूर्वजांनी फार आधी काढून ठेवला आहे: या मुलखात वाट चालायची ती आठ महिने, चार महिने एका जागी थांबायचे. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास याच गरजेतून आले. सिंधुदुर्ग आणि पेडण्याच्या पट्ट्यातला दशावतार हे तर रस्त्यावरच्या जगण्याचे आपले सर्वांत जिवंत उदाहरण आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर अशा मंडळांचे कलाकार घराबाहेर पडतात ते वैशाखापर्यंत. आज एका गावची जत्रा, उद्या दुसऱ्या. रात्री नाटक, पहाटे प्रवास, दिवसा देवळाच्या नाहीतर शाळेच्या आडोशाला झोप. पूर्वी गणपती आणि देवांचे मुखवटे ठेवलेला पेटारा डोक्यावर घेऊन ते चालत जात, आता टेम्पो किंवा बस असते. प्रत्येक कलाकाराची एक ट्रंक. त्यातच रंग, आरसा, मुकुट, शालू, आणि रंगपटात ती ट्रंकच बैठक होते. कमी सामानात राहण्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण ही माणसे कोणत्याही गावात अनाहूत शिरत नाहीत. बोलावणे देवस्थानाचे असते, निवाऱ्याची जागा ठरलेली असते, जेवणाची आणि बिदागीची बोली आधी झालेली असते. आणि मृग लागला की कलाकार आपापल्या घरी, शेताच्या कामाला. घर पाठीशी असते म्हणून रस्ता झेपतो, आणि गाव यजमान असते म्हणून ट्रंक पुरते.

ज्यांच्या पाठीशी घर नव्हते आणि ज्यांना कुणी यजमान नव्हता, त्यांचे काय झाले हेही महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. गाड्यावर संसार मांडणाऱ्या आणि पाल ठोकून राहणाऱ्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, पण कागद मिळाले नाहीत. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने हेच दाखवून दिले: राहण्याचा पुरावा नाही म्हणून जातीचा दाखला नाही, शिधापत्रिका नाही, मुलांच्या शाळेची खात्री नाही. हौसेने रस्त्यावर उतरणाऱ्याची आणि त्यांची तुलना होऊ शकत नाही, कारण एकाने ते निवडले आहे आणि दुसऱ्यावर ते लादले गेले. तरीही राज्यव्यवस्था दोघांना तोच प्रश्न विचारते: तुमचा पत्ता काय? मतदार यादीत नाव येते ते जिथे तुमचा नेहमीचा रहिवास असेल तिथल्याच. बँक, विमा, वाहननोंदणी, घरगुती गॅसची जोडणी सगळे पत्त्याला बांधलेले. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो, पण आयुष्य त्यावर चालत नाही. पत्ता सोडणे म्हणजे मोकळे होणे, असे ज्यांना वाटते त्यांनी भटक्या समाजाच्या कार्यकर्त्यांना एकदा विचारावे.

वाहनाचे नियमही आधी समजून घ्यायला हवेत. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र क्रमांक लागतो, आणि खासगी वापराच्या कॅम्पर ट्रेलरला केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत जागा आहे. ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडायचा आकडा बसवणे हा नाजूक मुद्दा आहे. कलम ५२ खाली मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिली आहे का, हे आधी पाहावे, आणि आरटीओकडून लेखी खात्री करून मगच पैसे गुंतवावेत. चालवणेही वेगळे शिकावे लागते. हलक्या ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे चोर्ला घाट उतरताना मागचा डबा गाडीला ढकलतो. नार्वे-दिवाडी किंवा केरी-तेरेखोल फेरीबोटीच्या उतारावर मागे घेताना स्टिअरिंग उलट दिशेला वळवावे लागते. पेडण्याच्या अंतर्भागातल्या अरुंद रस्त्यांवर समोरून बस आली तर तसे मागे जायची वेळ कधीही येते.

मग करायचे काय? उत्तर त्या उरलेल्या अर्ध्या घरात आहे, आणि ते गोव्यात रिकामे पडून आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे सुमारे एक घर रिकामे आढळले होते. मुलेबाळे मुंबईला, आखातात, पोर्तुगाल-इंग्लंडला, आणि इथे कुलूप, वाढलेले गवत, ढासळणारी न्हाणी. अनेक मालक घर भाड्याने देत नाहीत, कारण भाडेकरू कायदा आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला संरक्षण देणारा १९७५ चा मुंडकार कायदा यांमुळे जागा हातची जाईल अशी धास्ती त्यांच्या मनात आहे. ट्रेलरचा रहिवासी घर मागत नाही, त्याला खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, पुरते. अशा खळ्याच्या कडेला चिरे बसवलेली दहा बाय वीस फुटांची सपाट जागा, मीटर लावलेला नळ, पंधरा अँपिअरचा प्लग, डागडुजी केलेला संडास-न्हाणी, ओल्या कचऱ्याचा खड्डा, आणि पावसाळ्यात ट्रेलर आत घेता येईल असा मांगर किंवा पत्र्याची शेड, एवढे केले की हिशेब जुळतो. करार लिव्ह अँड लायसन्सचा, लेखी. नोंदणी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली, कराचा हिस्सा पंचायतीला. आणि हे सगळे किनारा सोडून आत: पेडण्यात धारगळ, कासारवर्णे, हळर्ण यांच्या बाजूला, आणि डिचोलीत मये, नार्वे, कुडणे, हरवळे परिसरात. डिचोलीला याची गरज जास्त आहे. मार्च २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाले, गॅरेजवाले, खाणावळीवाले एका रात्रीत मोकळे पडले. खाणी पुन्हा सुरू होत असल्या तरी एकाच धंद्यावर तालुका उभा करण्याचा धोका तेव्हाच कळून चुकला. गॅरेज, वेल्डिंग आणि अवजड वाहनांची जाण असलेली माणसे इथे आहेतच.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. रस्त्यावर राहायचे ते बंधन नको म्हणून, मग पुन्हा करार आणि खळे कशाला? पण आज कुठे गाडी लावू, पाणी कुठून आणू, पोलीस उठवतील का, ही रोजची विवंचना सर्वांत मोठे बंधन असते. पाच गावांत पाच ठरलेली खळी असतील, तर माणूस कुठल्याही दिवशी निघू शकतो. दुसरा आक्षेप खर्चाचा: ट्रेलरचे हप्ते आणि वर खळ्याचे भाडे, मग वाचले काय? वाचते ते घराचे भाडे आणि वस्तूंचा पसारा. फुकट पाणी आणि फुकट जमीन ही बचत कधीच नव्हती, तो खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडत होता. ज्याला तेवढेही परवडत नाही, त्याच्यासाठी ट्रेलर हा घराचा पर्याय नाही, आणि तसे सांगणे त्याची फसवणूक ठरेल. अमेरिकेत घर गमावलेली वृद्ध माणसे व्हॅनमध्ये राहून हंगामी मजुरी करतात. २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने ते जगासमोर आणले. घराचा प्रश्न घरे देऊनच सुटतो. तिसरा आक्षेप गावकऱ्यांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे: आज दोन ट्रेलर येतील, उद्या वाड्यावाड्यात वाहनतळ होईल आणि जमिनीचे भाव आणखी चढतील. म्हणूनच मर्यादा आधी ठरवली पाहिजे. एका खळ्यात दोनच ट्रेलर, मालक किंवा त्याचा माणूस गावात हजर, शेतजमीन, डोंगर आणि किनारपट्टी पूर्ण वर्ज्य, आणि ग्रामसभेची संमती. केरळने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणताना गाड्यांबरोबरच कॅराव्हॅन पार्कचाही विचार केला. महाराष्ट्राचे धोरणही त्याच वर्षीचे आहे. गोव्याने त्याहून लहान आणि गावाच्या हातात राहील असा मार्ग घ्यावा.

घर लहान करणे याचा अर्थ फक्त चौरस फूट कमी करणे असा घेतला, तर टिअरड्रॉप हा खर्चीक छंद ठरेल, आणि त्याचा भार आधीच विमानतळ, महामार्ग आणि जमीनविक्री सोसणाऱ्या तालुक्यांवर पडेल. गरजा कमी करणे असा अर्थ घेतला, तर पाणी मोजून वापरणे, कचरा बरोबर नेणे, पावसाळ्यात थांबणे आणि ज्याच्या जागेवर राहतो त्याला रास्त मोबदला देणे हे सारे त्यात आपोआप येते. ट्रेलर घेण्याआधी म्हणून तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: वर्षाचे चार महिने राहण्याची कोरडी जागा, टपाल आणि मतदार यादीसाठी एक पत्ता, आणि कोरड्या दिवसांसाठी चार-पाच ओळखीची खळी. त्या पक्क्या झाल्या तर पाच फूट रुंदीच्या डब्यात सुखाने राहता येते. त्या नसतील तर ट्रेलरचे पैसे राखून ठेवावेत आणि आधी एखाद्या गावात राहायला जावे, कारण खळी ओळखीतूनच मिळतात. आणि पेडणे-डिचोलीच्या पंचायतींनी येत्या हंगामाआधी आपल्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. नियम गावाने केले, तर येणारा पाहुणा होतो आणि कुलूप लागलेल्या घराच्या अंगणात पुन्हा दिवा लावण्याचे कारण मिळते. गावाने केले नाहीत तर ते दलाल करतील, आणि त्यात ना गावाचे भले होईल ना प्रवाशाचे.